टूरिंग बाईकसाठी कॅम निवडताना इनटेक कधी बंद होतो ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१२ ची हार्ले-डेव्हिडसन टूरिंग बाईक, ट्विन कॅम १०३ इंजिन. हेड आणि पिस्टन कंपनीचेच, एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदललेले. मागे जोडीदार, पेट्या भरलेल्या. सहाव्या गिअरमध्ये चढ लागला की गाडी दम सोडते आणि ओव्हरटेक करायचा तर दोन गिअर खाली यावं लागतं. मित्राने ०.५८५ इंच लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्तीत जास्त किती उघडतो त्याचं माप) कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा, सुचवलाय, कारण त्याच्या गाडीने डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) शंभराच्या वर हॉर्सपॉवर दाखवली. तोच घ्यावा का?

या वापरासाठी घेऊ नका. तो कॅम वाईट नाही, पण तुम्हाला जिथे जोर कमी पडतोय तिथे तो आणखी कमी करेल. कारण समजून घेतलंत तर पुढे कुठल्याही कंपनीचा कॅटलॉग तुम्ही स्वतः वाचू शकाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कॅमपासून करू नका, तुमच्या आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) करा. या गाडीत सहाव्या गिअरला १०० किमी वेगात इंजिन साधारण २,३०० वर फिरतं. ११० ला अडीच हजार. म्हणजे दिवसभराच्या प्रवासातला बहुतेक वेळ इंजिन २,००० ते ३,२०० या पट्ट्यात असतं. मित्राच्या डायनो कागदावरची शंभर हॉर्सपॉवर ५,००० च्या वर कुठेतरी मिळालेली असते. पेट्या आणि दोन माणसं घेऊन तुम्ही तिथे दिवसातून किती वेळा जाता?

हॉर्सपॉवर हा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि आरपीएमचा गुणाकारच असतो. फूट-पाउंडमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५,२५२. अडीच हजारांवर एक कॅम ८५ फूट-पाउंड देत असेल आणि दुसरा ७५, तर पहिल्याकडे त्या क्षणी साडेचाळीस हॉर्सपॉवर आहे, दुसऱ्याकडे छत्तीसही नाही. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, पण चढावर गाडी ओढते की मरगळते ते याच फरकावर ठरतं. ५,५०० वर दुसरा कॅम कितीही पुढे गेला तरी त्या चढावर त्याचा उपयोग नाही. माणसांसह आणि सामानासह ही गाडी अर्ध्या टनाच्या पुढे जाते. तिला खालचा टॉर्क हवा.

आता मुख्य मुद्दा. कॅमच्या कागदावर चार घटना असतात: इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) उघडतो, इनटेक बंद होतो, एक्झॉस्ट उघडतो, एक्झॉस्ट बंद होतो. टूरिंगसाठी त्यातली सगळ्यात महत्त्वाची दुसरी. पिस्टन तळाला, म्हणजे बीडीसीला, पोहोचून परत वर यायला लागतो तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. जास्त आरपीएमला याचा फायदा होतो. आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते. कमी आरपीएमला तो वेग नसतो, आणि वर येणारा पिस्टन भरलेल्या हवेतली काही परत इनटेकमध्ये ढकलतो. जी हवा परत गेली तिचा टॉर्क मिळत नाही.

१०३ इंजिनाचा स्ट्रोक ४.३७५ इंच आहे. कनेक्टिंग रॉडची लांबी धरून हिशोब केला तर इनटेक बीडीसीनंतर २५ अंशांवर बंद झाला की दाबायला सुमारे ९७ टक्के स्ट्रोक शिल्लक असतो. ३५ अंशांवर ९३ टक्के, ४५ वर ८९, आणि ६० वर जेमतेम ८०. कागदावरचं कॉम्प्रेशन (आतली हवा किती पट दाबली जाते) ९.६ असलं तरी इंजिनाला प्रत्यक्षात मिळणारं कॉम्प्रेशन यातून ठरतं: २५ अंशांना ते ९.३ च्या आसपास, ३५ ला ९, ४५ ला ८.६ किंवा ८.७. मोठ्या कॅमसोबत हाय कॉम्प्रेशन पिस्टन किंवा पातळ हेड गॅस्केट घ्यायला सांगतात ते यासाठीच. उशिरा बंद होणाऱ्या व्हॉल्व्हने घालवलेला दाब दुसरीकडून भरून काढायचा असतो. तुमचे पिस्टन आणि हेड कंपनीचे आहेत, म्हणजे भरपाई करायला काही नाही. अशा इंजिनात मोठा कॅम टाकला की अडीच हजाराच्या खाली गाडी मूळ कॅमपेक्षाही सुस्त वाटते.

मग सगळ्यात लवकर बंद होणारा कॅम घ्यावा का? इथे दुसरी बाजू येते, आणि टूरिंगवाल्यांनी तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. इनटेक लवकर बंद झाला की कमी आरपीएमला सिलिंडरमधला दाब वाढतो. गाडी हलक्या हाताने, थंड हवेत चालवली तर मजा येते. पण भर उन्हात, भरलेल्या गाडीने, चढावर, दोन हजारांवर सहाव्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की तोच दाब नॉक करतो, म्हणजे मिश्रण स्वतःहून अवेळी पेटतं. आतून खडखड ऐकू येते, आणि कधी ऐकूही येत नाही. या इंजिनाची ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) स्पार्क प्लगमधून आयनचा प्रवाह मोजून नॉक ओळखते आणि इग्निशन मागे घेते. इग्निशन मागे गेलं की टॉर्क पडतो, एक्झॉस्ट तापतो, हेड तापतं, तापलेलं हेड पुन्हा नॉकला बोलावतं. एअर-कूल्ड इंजिनात या फेऱ्यातून बाहेर पडणं अवघड असतं. खालच्या टॉर्कसाठी घेतलेला कॅम मग उन्हाळ्यात मूळ कॅमइतकाच जोर देतो, वर उष्णता जास्त. हार्लेचाच स्क्रीमिन ईगल २५५ हा लवकर बंद होणाऱ्या जातीचा. खालून जबरदस्त खेचतो, पण ट्यूनिंग आणि इंधन दोन्ही नीट नसतील तर खडखडतो.

म्हणून तुमच्या इंजिनाला मधला रस्ता सांगतो: इनटेक बीडीसीनंतर साधारण ३० ते ३८ अंशांत बंद होणारा, ०.५०० इंचाच्या आसपास लिफ्टचा कॅम. गरम हवेत आणि सततच्या वजनात चालवणार असाल तर ३८ कडे झुका. एकटे आणि थंड भागात फिरत असाल तर ३० कडे. कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरायची वेळ येणार असेल तरीही ३८ कडेच.

हे अंश वाचताना एक काळजी घ्या. हार्लेच्या कॅमचे आकडे ०.०५३ इंच लिफ्टवर मोजून देतात. व्हॉल्व्ह खरोखर सीटवर टेकतो ती वेळ त्याच्या बऱ्याच पुढे असते. काही कॅटलॉग टेकण्यापासून टेकण्यापर्यंतचा कालावधी छापतात, तो आकडा मोठा दिसतो. एका कंपनीचा ०.०५३ वरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या टेकण्याच्या आकड्याशी ताडून पाहिला तर निष्कर्ष पूर्ण चुकतो. सगळे अंश क्रँकचे असतात हेही लक्षात ठेवा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे कॅम एका अंशाने सरकला तर टायमिंग दोन अंशांनी सरकतं.

कॅम बनवणाऱ्या कंपन्यांच्या नावातल्या आकड्यांवरूनही तुलना करू नका. एसअँडएसच्या ५१० किंवा ५८५ मध्ये तो आकडा हजारांश इंचातली लिफ्ट आहे. फ्युलिंगच्या ५२५ चंही तसंच. अँड्र्यूजच्या २१, २६, ४८ या आकड्यांचा लिफ्टशी संबंध नाही, ते नुसते क्रमांक आहेत. क्रमांक मोठा म्हणजे कॅम मोठा असं समजून ऑर्डर करणारे लोक मी पाहतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

लिफ्टचं महत्त्व लोक वाढवून सांगतात. व्हॉल्व्ह जास्त उघडला तर हवा जास्त येते हे खरं, पण कंपनीच्या हेडमध्ये एका टप्प्यानंतर पोर्टच आडवा येतो आणि पुढच्या लिफ्टचा फायदा आटतो. त्रास मात्र वाढत जातो. ०.५८५ साठी कंपनीच्या स्प्रिंगा चालत नाहीत, त्या बदलाव्या लागतात. आणि लिफ्ट जास्त, कालावधी कमी असा लोब (कॅमवरचा उंचवटा) असेल तर व्हॉल्व्हला तेवढ्याच वेळात जास्त अंतर उघडून मिटायचं असतं. उतार खडा होतो, लिफ्टरवर (लोबवर फिरून हालचाल वर पोहोचवणारा भाग) आणि स्प्रिंगवर मार पडतो, टिकटिक वाढते. लांब प्रवास करणाऱ्याला शांत आणि टिकाऊ व्हॉल्व्ह ट्रेन हवी. म्हणून सारख्या टॉर्कच्या दोन कॅममधून मी सौम्य उताराचा निवडतो.

स्प्रिंगा तुमच्याच ठेवणार असाल तरी तीन मापं घ्यायला सांगा: पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला किती अंतर उरतं, रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) आणि गाइडच्या (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) सीलमध्ये किती उरतं, आणि व्हॉल्व्ह व पिस्टनमध्ये किती. पहिल्या दोन्हीत मी ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटर, तरी सोडतो. तिसऱ्यात ०.०८० इंच, म्हणजे दोन मिलिमीटर. टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात, तेव्हा ते एकमेकांना लागत नाहीत ना हेही बघावं लागतं. "बोल्ट-इन" असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते न छेडलेल्या हेडसाठी. सेकंडहँड गाडीच्या हेडला आधी कोणी हात लावला असेल तर त्या शब्दावर विसंबू नका.

ओव्हरलॅपचं थोडक्यात. एक्झॉस्ट बंद व्हायच्या आत इनटेक उघडतो, तेवढा वेळ दोन्ही उघडे असतात. जास्त ओव्हरलॅपला वरच्या आरपीएमला फायदा, खाली आयडल लंगडा आणि हळू वेगात गाडी धक्के देणारी. तो लंगडा ठेका अनेकांना आवडतो. गर्दीत तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालवताना तोच नकोसा होतो, आणि मागे बसलेल्याला त्याची जास्त शिक्षा. दोन्ही सिलिंडरना वेगळे पाईप असलेला खरा ड्युअल एक्झॉस्ट असेल तर खालचा टॉर्क आधीच थोडा गेलेला असतो, त्यावर जास्त ओव्हरलॅपचा कॅम घालू नका. टू-इन-वन (दोन पाईप एकात मिळणारा) एक्झॉस्ट आणि मध्यम कॅम ही जोडी टूरिंगला उत्तम जमते.

नाव घेऊनच सांगायचं तर तुमच्यासाठी अँड्र्यूज ४८ किंवा एसअँडएस ५१० या वर्गात शोधा, आणि दोघांचे इनटेक बंद होण्याचे अंश त्यांच्या चालू कागदावर ताडून बघा.

ऑर्डर करण्याआधी मात्र दोन गोष्टी करून घ्या. एक, कॉम्प्रेशन चाचणी. इंजिन गरम, दोन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, आणि ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीज असेल तर तो निकामी करून. रिलीज चालू ठेवून घेतलेला आकडा निरर्थक असतो. दोन सिलिंडरमध्ये मोठा फरक दिसला तर लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमधला दाब कुठून गळतो ते बघणारी) करा. रिंग किंवा व्हॉल्व्ह गळत असेल तर कॅमचे पैसे वाया जातील. कॅम बसवल्यावर हीच चाचणी परत करा. १७५ ते १९० पीएसआयच्या दरम्यान मी निर्धास्त असतो. २०० च्या पुढे गेलं तर इग्निशनचा नकाशा फार काळजीने करावा लागतो.

दुसरी गोष्ट, सध्याचं ट्यूनिंग. एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून ईसीयू तशीच ठेवली असेल तर चढावरची मरगळ कदाचित तिथूनच येतेय. हवा वाढली, इंधन तेवढंच, मिश्रण पातळ, नॉक, इग्निशन मागे. नुसत्या नीट ट्यूनिंगने काही गाड्या इतक्या सुधारतात की मालक कॅमचा विचार सोडून देतो. कॅम घेतलात तरी ट्यूनिंग लागणारच आहे, त्यामुळे ट्यून करणारा आधी शोधा, कॅम नंतर.

आता कॅम चेस्ट, म्हणजे कॅम बसतात तो कप्पा, उघडण्याबद्दल. इथे काटकसर करायला मी कोणालाच सांगत नाही. ट्विन कॅममध्ये दोन कॅम असतात, क्रँकवरून साखळीने फिरतात, आणि साखळ्यांना ताण देणारे टेन्शनर असतात. टूरिंग गाड्यांत २००६ पर्यंत हे टेन्शनर स्प्रिंगच्या दाबाचे होते. त्यांचे बूट (साखळीवर घासणारे पॅड) झिजायचे आणि त्याचे तुकडे तेलात उतरून ऑइल पंपापर्यंत जायचे. २००७ पासून हायड्रॉलिक टेन्शनर आले, तुमच्या गाडीत तेच आहेत. त्यांची झीज फार हळू होते, पण कव्हर उघडलंच आहे तर बूट तपासा. जुनी गाडी घेऊन हाच प्रश्न विचारणाऱ्यांनी कॅमच्या आधी टेन्शनरचं बघावं.

आतली कॅम बेअरिंगं बदलाच. कंपनीच्या पिंजऱ्यातल्या बेअरिंगमध्ये रोलर कमी असतात. त्या जागी रोलर पूर्ण भरलेली नीडल बेअरिंगं बसतात, आणि इतर खर्चाच्या मानाने ती स्वस्त आहेत. लिफ्टरही नवे घ्या. जुना लिफ्टर नव्या लोबवर चालवू नका. लिफ्टरचा रोलर बिघडला तर लोब खातो आणि त्याचा चुरा तेलातून सगळीकडे जातो. क्रँकच्या पिनियन शाफ्टचा रनआउट (फिरताना तो किती डगमगतो) डायल गेजने मोजून लिहून ठेवा. साखळीऐवजी गिअरने फिरणारे कॅम घ्यायचे असतील तर हे माप निर्णायक आहे. ०.००३ इंचाच्या पुढे रनआउट असेल तर गिअर ड्राइव्हचा विचार सोडा, दाते वाजतील आणि बेअरिंग मार खातील.

पुशरॉडचं (लिफ्टरची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या काठ्या) असं आहे की मूळ पुशरॉड काढायला रॉकर बॉक्स उघडावे लागतात. अॅडजस्टेबल पुशरॉड घेतले तर जुने कापून काढता येतात आणि वरचं काही खोलावं लागत नाही. वेळ वाचतो, पण सेटिंग करताना घाई नको. ज्या सिलिंडरचं सेटिंग करताय तो कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला आणा, म्हणजे दोन्ही लिफ्टर लोबच्या उंचवट्यावर नसून खालच्या गोल भागावर असतील. पुशरॉड लांब करून लिफ्टर दाबल्यावर आतलं तेल झिरपून व्हॉल्व्ह पूर्ण बसेपर्यंत थांबा. पुशरॉड बोटांनी फिरायला लागला की समजा झालं. दहा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात इंजिन फिरवलं तर व्हॉल्व्ह उघडा राहून पिस्टनला लागू शकतो.

कॅम प्लेट परत बसवताना ऑइल पंप मध्यावर येतोय ना ते बघूनच बोल्ट आवळा. पंप तिरका बसला तर तेलाचा दाब आणि परतीचा प्रवाह दोन्ही बिघडतात. क्रँकवरचं आणि मागच्या कॅमवरचं स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून तपासा. फरक असेल तर स्पेसर बदलून तो घालवतात. टायमिंगच्या खुणा जुळवा आणि स्टार्टरला हात लावण्याआधी प्लग काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडकलं तर तिथेच थांबा. रोलर लिफ्टरच्या कॅमला पहिल्या वीस मिनिटांत जास्त आरपीएमवर चालवून बसवण्याची गरज नसते. तो नियम सपाट टॅपेटच्या (रोलर नसलेल्या लिफ्टरच्या) कॅमचा. असेंब्ली ल्युब मात्र सगळीकडे लावा.

मिल्वॉकी-एट इंजिनाची, म्हणजे २०१७ पासूनची टूरिंग गाडी असेल तर गणित थोडं बदलतं. त्यात कॅम एकच आणि सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. हवा मुळातच चांगली जाते, त्यामुळे कमी कालावधीच्या कॅमनेही भरपूर फरक पडतो. १०७ चं कॉम्प्रेशन १० आणि ११४ चं १०.५ असल्याने इनटेक थोडा उशिरा बंद झालेला ते सहज सोसतं, आणि फार लवकर बंद होणाऱ्या कॅमने नॉकचा धोका ट्विन कॅमपेक्षा जास्त. इन-लाइन चार सिलिंडरच्या किंवा मोठ्या सहा सिलिंडरच्या ओव्हरहेड कॅम टूरिंग गाडीत मी कॅमला हात लावायचा सल्ला देतच नाही. खर्च मोठा, खालचा फायदा नगण्य. तिथे गिअरिंग बदलून जास्त मिळतं.

ट्यूनिंगकडे परत येतो, कारण कॅमचा पैसा वसूल होतो तो इथेच. ही ईसीयू हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून आतल्या तक्त्यात बघून हवेचा अंदाज करते. कॅम बदलला की तो तक्ता खोटा ठरतो. ऑक्सिजन सेन्सर थोडं सावरतात, पण ते एका ठरावीक मिश्रणाभोवतीच नीट बोलतात आणि पूर्ण थ्रॉटलला ईसीयू त्यांचं ऐकत नाही.

बरेच ट्यूनर पूर्ण थ्रॉटलच्या दोन-चार धावा घेऊन, वरचा आकडा कागदावर छापून गाडी परत देतात. तुम्ही स्पष्ट सांगा की १,७५० ते ३,२०० आरपीएम, अर्ध्या आणि पाऊण थ्रॉटलला, डायनोवर भार देऊन स्थिर धरून तक्त्यातलं प्रत्येक घर दुरुस्त करायचं आहे. इग्निशनही याच घरांमध्ये, इंजिन गरम असताना बघायचं. आलेख २,००० पासून मागा. ३,००० पासून सुरू होणाऱ्या आलेखात तुमच्या उपयोगाचा भागच नसतो. कागदावर हवामानाप्रमाणे आकडा सुधारण्याची पद्धत एसएई आहे की एसटीडी तेही बघा. एसटीडीचे आकडे सुमारे ४ टक्क्यांनी जास्त दिसतात, आणि दोन कॅमची तुलना करताना ४ टक्के हा निर्णय फिरवणारा फरक आहे.

गाडी हातात आल्यावर पहिलं तेल लवकर बदला आणि जुना ऑइल फिल्टर कापून घडी उलगडून बघा. थोडी राखाडी चमक पहिल्या वेळी दिसते. चुंबकाला चिकटणारे कण किंवा प्लास्टिकचे तुकडे दिसले तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी कॅम कव्हर परत उघडा.